पारीवर न वाचलेला अकरावा

माझ्याजवळ एका माणसाची चार पानं पंचवीस वर्षं होती. ती त्याने मला दिली नव्हती. तो समोर बसलेला असताना मी ती त्याच्या वहीतून काढून घेतली. त्याला दिसत नव्हतं, म्हणून जमलं. हे लिहायला मला पन्नाशी उलटावी लागली, म्हणून आधीच लिहून टाकतो. नाहीतर मी पुन्हा इकडचं तिकडचं सांगत बसेन.

मी लाखनीला राहतो, शाळेत शिकवतो. गाव मात्र पवनी तालुक्यातलं, कोंढ्याच्या बाजूचं. गावाला तलाव आहे, तलावाला मातीची उंच पार आहे आणि पारीच्या पोटात पाणी सोडायचं दगडी दार आहे. त्याला आम्ही तुडूम म्हणतो. तुडूम उघडलं की पाणी पाटाने आधी वरच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतांत, शिरतं, तिथला धान प्यायला की खालच्या बांध्यांत, आणि शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं तर पोचलं. आमच्या घरच्या बांध्या पाटावर पहिल्या. माझे आजोबा पाण्याचे पंच होते. पाणी कुणाला कधी, हे ते सांगत.

आणि त्यांच्या सांगण्यावरून तुडूम उघडणारा-लावणारा जो पाटकरी होता, त्याची ही वही. तेव्हा तो पंचविशीचा होता, सातवी शिकलेला. दिल्लीत देशाची घटना लिहून पुरी होत आली होती, लागू व्हायची होती, त्या हिवाळ्यात या माणसाने दर बाजाराच्या दिवशी एक असे बारा निबंध लिहिले. सगळ्यांचा विषय एकच: हा नवा कायदा आपण कबूल का करावा. लिहायचा आणि बाजारातून परतणाऱ्या लोकांपुढे पारीवर उभा राहून वाचायचा.

लोकांना पटलं की नाही हे कळायला त्याने एक युक्ती काढली. आमच्याकडे उन्हाळ्यात घरटी माती टाकून पार नीट करायची रीत होती. त्याने सांगितलं, ज्याला आजचं पटलं त्याने जाता जाता एक टोपलं माती पारीवर टाकावं. ज्याला पटलं नाही त्याने तसंच घरी जावं, कोणी काही बोलणार नाही. बाया टाकत, गडी टाकत. तुडुमाच्या उजव्या हाताला पार आजही हातभर उंच आहे. मी लहानपणी तिच्यावरून घसरगुंडी केली. ती कशाने उंच झाली हे मला अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या वयात मी नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती आणि रविवारी गावी जात असे. एका रविवारी त्या माणसाच्या मुलीने मला रस्त्यात थांबवलं. ती अंगणवाडीत होती, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी.

"गुरुजी, बाबाचे डोळे गेले पुरते. त्यायले त्यायचीच वही आयकाची हाय. माह्याच्यानं ते अक्षर लागत नाही जी."

मी गेलो. म्हातारा ओसरीत बाजेवर बसला होता. पंच्याहत्तरी ओलांडलेला, हाडं मोठी, आवाज त्याहून मोठा.

"शाळामास्तर हाय ना तुमी? मंग सावकाश वाचा. हे पास होयासाठी नाही."

मी पहिला निबंध वाचला आणि मला माझ्या शिकलेपणाची लाज वाटू लागली. राज्यशास्त्रात मी एमए केलं होतं. परीक्षेत घटनेवर पानंच्या पानं लिहिली होती. पण ती आपल्याला कुणी दिली आणि आपण ती घेतली का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. या माणसाला तो तुडुमाजवळ बसून पडला होता.

दुसऱ्या निबंधात त्याने गावाचाच आक्षेप मांडला होता: दिल्लीत बसून लिहिलं, आम्हाला कोणी विचारलं? आणि उत्तर दिलं होतं, विचारलं नाही हे खरं आहे, तर मग आपणच आपल्याला विचारू, आणि होय म्हणायचं असेल तर मोठ्याने म्हणू. चौथ्यात लिहिलं होतं की पंचाचा शब्द पंचाच्या मनासोबत फिरतो, लिहिलेला शब्द पंचालाही बसवून ठेवतो. सातवा मतांवर होता. रोवणीच्या बांधीत वाकलेल्या बाया मोज, धुऱ्यावर, बांधावर उभे असलेले गडी मोज, आणि मग मला सांग बाईला मत कशाला. समासात टीप होती, की यावर बायांनी इतकी माती आणली की पाटाचं तोंड बुजलं.

"खरंच जी?" मी वाचता वाचता विचारलं.

"मंग! दुसऱ्या दिवशी मलेच उपसा लागली. मतदानानंतरची सफाई तेव्हापासून माह्याचकडं." आणि तो खदखदा हसला.

दहावा मला सगळ्यांत मोठा वाटला. त्यात लिहिलं होतं, जोर करून म्हणवून घेतलेलं होय हे होय नसतं. ज्या दिवशी माणूस आपण होऊन म्हणेल त्या दिवसापासून कायदा त्याच्यासाठी सुरू झाला. तोवर थांबायची तयारी पाहिजे. मी वही मांडीवर ठेवून या म्हाताऱ्याकडे बघत राहिलो. बाजेचा सुंभ ढिला पडला होता, धोतराला माती होती. माझ्या कॉलेजात अशी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

मग मी पान उलटलं. अकरावा.

तोंडाने वाचायच्या आधी डोळे पुढे धावतात, ती वाचणाऱ्याची सवय असते. पाचव्या ओळीत मला "पाण्याचे पंच" दिसले. पुढे आमची बांधी दिसली. मी थांबलो. वहीची शिवण सैल झाली होती. मी चार पानं हळूच ओढली, आणि कागदाचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून खोकलो. पानं शर्टाच्या खिशात गेली.

"दहाच्या पुढं बारावा आहे, बाबाजी," मी म्हणालो.

त्याने कान माझ्याकडे वळवला. मग म्हणाला, "बरं. मंग बारावा वाचा."

घरी जाऊन मी ती पानं वाचली. आदल्या वर्षी धान निसवण्याच्या दिवसांत पाऊस गेला होता. तलावात दोन दिवसांचं पाणी उरलं होतं आणि पाळी शेवटच्या दोन बांध्यांची होती, दोन्ही एकाच घरच्या. पंच पारीवर आले आणि पाणी वरच्याच बांध्यांत ठेव म्हणाले. त्या खालच्या घराचा धान पोचट गेला. उन्हाळ्यात त्या घराने दोनांतली एक बांधी विकली. घेतली पंचांनीच. ती आजही आमच्याकडे आहे. तिचा भात मी आयुष्यभर खाल्ला आहे.

मला वाटलं होतं, हा माझ्या आजोबांवरचा आरोप असेल. तो नव्हता. पुढे असं लिहिलं होतं: सांगितलं पंचांनी, पण खाली जाणारा पाट अडवला माझ्या हाताने. हे तुमच्या अधिकारात नाही असं मला म्हणता आलं असतं. पण ते कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि माझ्यासारख्या भित्र्याला धरायला काही तरी लिहिलेलं लागतं. शूर माणूस घटनेवाचूनही खरं बोलेल. ती भित्र्यांसाठी पाहिजे. आणि शेवटी एक मागणं होतं: एक वर्ष पाणी शेवटच्या बांधीपासून सुरू करून पाहा.

समासात वेगळ्या शाईने दोन ओळी होत्या. आज वाचला नाही. ते समोर बसले होते.

म्हणजे त्यानेही पारीवर दहाव्यानंतर थेट बारावाच वाचला होता. पन्नास वर्षं तो निबंध कुणाच्या कानावर गेला नव्हता. डोळे गेल्यावर त्याला वही ऐकायची होती ती यासाठी. आपल्या तोंडून निघालं नाही ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून तरी निघावं, आणि नेमका त्या पंचाचा नातू समोर येऊन बसला होता. हे सगळं मला त्याच संध्याकाळी कळलं. तरी पानं मी कपाटात, पदवीच्या कागदांखाली ठेवली.

बारावा संपला तेव्हा तो म्हणाला, "आता पहिल्यापासून." मी पुन्हा वाचलं. दर रविवारी जमेल तेवढं. दहावा संपला की मी थांबे, तोही थांबे, आणि मग "मंग बारावा." असं त्याने मला तीनदा फिरवलं. वर्ष होत आलं. एकदाही त्याने विचारलं नाही की अकरावा कुठे गेला. तिसऱ्या वेळी मात्र दहाव्याच्या शेवटी मी पुन्हा खोकलो, आणि तो हसून म्हणाला,

"गुरुजी, तुमाले खोकला दहाव्यालेच काहून येते जी?"

"थंडी हाय, बाबाजी."

"हो. मलेबी त्याच जागी थंडी वाजली होती."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो माझी वाट बघत होता, इतकंच. जे त्याने दहाव्यात लिहिलं होतं ते तो माझ्यावर करून दाखवत होता. मला एवढा मोठा मान आयुष्यात कुणी दिला नाही, आणि मी काय केलं, तर पुढच्या रविवारपासून जायचं बंद केलं. शाळेत कामं निघाली असं कळवलं. त्या पावसाळ्यात तो गेला. मी मयतीला गेलो, मागे उभा राहिलो.

यंदा दिवाळीनंतर त्याच्या मुलीचा फोन आला. ती सत्तरी पार केलेली आहे. संविधान दिनाला ग्रामपंचायत पारीवर कार्यक्रम करणार होती, बाराही निबंध वाचायचे होते.

"अकरा निघाले, गुरुजी. एक नाही. तुमच्यापाशी असन त पाहा." मग ती म्हणाली, "नसन त नसन. बाबा मनत, त्यायच्या मागं लागू नोको."

म्हणजे त्याने तिलाही सांगून ठेवलं होतं. मी फोन ठेवला आणि कपाट उघडलं.

थोरल्या भावाला मी आधी सांगितलं. शेती तोच करतो. त्याने चारही पानं दाराच्या उजेडात वाचली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वाचाचं त वाच. पण आजाचं नाव कायले?"

"नाव नाहीच त्यात. पंच एवढंच आहे."

"गावात पंच एकच होता," तो म्हणाला.

कापणीचे दिवस होते, पारीवर माणसं फार नव्हती. चाळीसेक खुर्च्या, निम्म्या रिकाम्या. मधल्या रांगेत, बांधी विकलेल्या त्या खालच्या घराचा नातू बसला होता. त्याचा ट्रॅक्टर आहे. दर आषाढात तोच आमच्या त्या बांधीत चिखल करतो. भाऊ शेवटी, झाडाला टेकून.

बाकीचे निबंध इतरांनी वाचले. माझी पाळी आली तेव्हा मी आधी हेच सांगितलं, की हा मी चोरला होता. मग वाचला. समासातल्या दोन ओळीही वाचल्या. खोकलो मात्र नाही. 

ट्रॅक्टरवाला उठला. "गुरुजी, चार पानं वाचाले पंचवीस वर्सं? आन् आमच्या पोट्ट्याले मनता, वाचनाचा वेग वाढव!"

लोक हसले. मीही हसलो, आणि त्याच वेळी डोळे भरून आले ते लपवता आले नाहीत. तो हसत नव्हता.

"माह्या आजानं बांधी काहून विकली, आमाले घरात कोनी सांगतलं नव्हतं," तो म्हणाला. "आमी समजत होतो, आजा आळशी होता. बापबी तसाच समजून मेला." एवढं बोलून तो खाली बसला.

निबंध लपवताना मला वाटलं होतं की मी फक्त माझ्या आजोबांचं नाव झाकतो आहे. दुसऱ्याच्या आजोबांचं नाव मी खराब ठेवतो आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

म्हाताऱ्याच्या मुलीने पारीच्या पायथ्याशी टोपली ठेवली होती, मातीचा ढीगही. ती म्हणाली, "ज्याले पटलं त्यानं. बाकीच्यायनं घरी जावं." मी एक टोपलं उचलून त्या उंचवट्यावर टाकलं. ट्रॅक्टरवाल्याने टाकलं. बाया उठल्या. भाऊ मात्र तसाच घराकडे चालू लागला. मी त्याला हाक मारली नाही. त्याच्या मागे लागायचा मला अधिकार नव्हता.

माघात उन्हाळी धानाला पाणी सोडायचा दिवस आला. पाणी समितीत मी आमचं पाणी शेवटी घेऊ असं बोललो होतो, पण जमीन सामाईक, शब्द भावाचा. मी सकाळीच पारीवर गेलो. तुडूम उघडलं, पाणी पाटाला लागलं. आमच्या पहिल्या बांधीच्या तोंडाशी भाऊ धोतर खोचून उभा होता. त्याने वाकून दोन्ही हातांनी चिखल ओढला आणि आमच्याच बांधीचं तोंड लिंपून टाकलं. पायाने दाबलं. मला बघून कुरकुरला,

"एकच वर्स. निबंधात तेवढंच लिवलं हाय."

पाणी आमच्या समोरून पुढे गेलं. आम्ही दोघं त्याच्या संगतीने पाटाच्या कडेने चालत राहिलो. दुपार झाली तेव्हा ते ट्रॅक्टरवाल्याकडे उरलेल्या शेवटच्या बांधीत शिरलं. भेगांत आधी नुसतं मुरलं, मग हळूहळू पसरून साऱ्या बांधीभर उभं राहिलं. पंच्याऐंशीच्या घरातले एक आजोबा धुऱ्यावर काठी टेकून बघत होते. असं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणाले. मीही नाही.

खालच्या घराच्या, आमच्याकडे आलेल्या त्या बांधीचं मी भावाशी अजून बोललेलो नाही. ते बोलायचं आहे.