मान राहिलेलं बदक

शुक्रवारची नमाज आटोपली की आमच्या बहारीनमधल्या, गुदैबियातल्या फ्लॅटची बेल वाजायची. दारात अब्बासचाचा. पांढरा सदरा, मेंदी लावलेली दाढी, काखेत पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी लाकडी बदकाची चोच. माझी मुलगी आतूनच ओरडायची, "पप्पा, डक अंकल इज हिअर!" आणि चाचा चपला काढता काढता माझ्या बायकोला विचारायचे, "वैनी, टब मोकळा हाय का?"

टब मोकळा कधीच नसायचा. या जुन्या इमारतींत बाथटब असतात आणि आमच्यासारखी माणसं त्यात बादली ठेवून तांब्यानं अंघोळ करतात. उरलेल्या जागेत कपडे वाळत घालायचा स्टँड, इस्त्रीचं टेबल असा संसार. तो सगळा बाहेर काढायचं काम माझ्याकडे. अकाउंटंट नवऱ्याला घरात एवढंच झेपतं, असं बायकोचं मत आहे आणि मी ते अजून खोटं पाडलेलं नाही.

टब भरला की चाचा गुडघे टेकून बदक पाण्यावर सोडायचे आणि श्वास रोखून बघत राहायचे. जरा एका अंगाला कललं की उचलायचे, पोटाखाली पटाशीनं खळगा करून त्यात गळाला लावायचं शिसं बसवायचे, पुन्हा सोडायचे. मी म्हणायचो, "तरंगतंय की चाचा!"

"लाकूड तरंगतंच, सायेब. त्यात काय? बदक पाण्यावर बसाय पायजे."

चाचा दापोलीच्या खालच्या अंगाला असलेल्या एका खाडीकाठच्या गावचे. त्यांचे वडील शिकारी. ते लाकडी बदकं खाडीत सोडायचे; ती बघून वरून जाणारा थवा खाली उतरायचा. चाचांनी बंदूक कधी धरली नाही, बदकं मात्र धरून ठेवली. तरुणपणी बहारीनला आले, एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये सुतार म्हणून लागले. दिवसभर दारं आणि कपाटं, आणि सुट्टीच्या दिवशी इमारतीच्या गच्चीवर उरल्यासुरल्या तुकड्यांची बदकं. धड वेगळं, मान वेगळी. मान सगळ्यात शेवटी खुंटीवर बसवायची, हा त्यांचा नेम.

त्यांची बदकं हळूहळू बऱ्याच घरांत पोचली. इथल्या एका शेखच्या दिवाणखान्यात एक जोडी आहे. आमच्या गणपतीसमोरच्या परातीतल्या तळ्यात दरवर्षी त्यांची बदकं पोहायची, आणि प्रसादाला आलेले चाचा मूर्तीआधी त्यांच्याकडे बघून घ्यायचे, नीट बसलीत ना. हूऱ्यातल्या एका हॉटेलवाल्याला लॉबीत ठेवायला फ्लेमिंगो हवे होते. चाचांनी साफ नाही म्हटलं. "ते चिखलात उभे राहनार, फोटो काढून घेनार. मफी, नाय करनार. आपल्याला पोहनारं पायजे."

करायचे ते सगळे पक्षी त्यांच्या खाडीतले. त्यातही त्यांचा जीव होता तो सुईशेपट्या बदकावर. पुस्तकात त्याला तलवार बदक म्हणतात. तो खाडीत यायचा हिवाळ्यात. आणि वर्कशॉपमध्ये लीव्ह मिळायची उन्हाळ्यात, कारण थंडीत इथे लग्नं, नवी घरं, फर्निचरचा सीझन. चाचा गावी पोचायचे तेव्हा पक्षी केव्हाच उत्तरेला गेलेले. पक्षी यायचे तेव्हा चाचा इथे कुणाच्या तरी किचनची कपाटं ठोकत असायचे. इतक्या वर्षांत एकदाही गाठ पडली नाही. जे काही कोरत होते ते आठवणीतून.

एका जानेवारीत मी त्यांना गाडीत घालून सनद गावापलीकडे, तुबलीच्या खाडीवर नेलं. दूर उथळ पाण्यात फ्लेमिंगो, बगळे. मी दुर्बीण उलटी धरून, ते किती लांब आहेत हे त्यांना सांगत होतो. एवढ्यात कांदळाआडून एक बदक पोहत बाहेर आलं. सडपातळ, लांब मानेचं, शेपटी सुईसारखी. चाचांनी माझ्या हातून दुर्बीण घेतली. बदक उडून गेलं तरी ती डोळ्यांवरून काढली नाही.

"सायेब," ते म्हणाले, "माजी मान चुकली."

घरी येऊन त्यांनी आमच्याकडचं बदक हातात घेतलं. खरंच, मान आखूड झाली होती, गळा भरलेला. दरवर्षी थोडी थोडी सुटत गेली असणार. मी हसवायला म्हटलं, "माझ्याकडे बघून केलंत वाटतं." ते हसले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी नवं बदक घेऊन आले, पण नुसतं धड. मान नव्हती.

"अहो, परवा पाहिलंत ना? तशी करा."

"ते इथलं."

"पक्षी तोच की हो!"

"तुमी बी तेच हाय की पुण्यातले. इथं तसं दिसता का?"

बायको स्वयंपाकघरातून मोठ्यानं हसली.

त्यांनी डिसेंबरची लीव्ह मागितली. मॅनेजरनं सांगितलं, "डिसेंबर नो. जुलाई गो." गावाहून मुलाचा फोन आला: अब्बा, खाडीला कोलंबीचे तलाव झालेत, आता बदकं उतरत नाहीत, नोकरी कशाला सोडता? मीही तेच म्हणालो. या वयात व्हिसा गेला की परत मिळत नाही, आणि तिकडे जाऊन पाणी रिकामं दिसलं तर?

"तर रिकामं बगीन. पन थंडीत बगीन," ते म्हणाले. "अजून थांबलो, तर मला ते कसं होतं तेच आठवनार नाय. मग बगून तरी काय वळकनार? खलास, सायेब."

नोव्हेंबरात ते कायमचे गेले. खोलीतली सगळी बदकं बरोबर नेली, बिनमानेचं आमच्याकडे ठेवलं. "मान पाठवतो. इंशाल्ला."

थंडी सरली. मान आली नाही. मी फोन करायचं टाळत होतो; पाणी रिकामं होतं असं ऐकायची तयारी नव्हती.

मग एक दिवस चाचांच्या गावचा, आमच्या खालच्या किराणा दुकानात काम करणारा साजिद सुट्टीहून परतला आणि कुळथाच्या पिठाची पिशवी देऊन गेला. बायको पीठ चाळायला बसली आणि किंचाळली. चाळणीत बदकाचं डोकं होतं.

मान लांब होती. सडपातळ. मी पीठ झटकून ती धडावर बसवली. खुंटी एकाच बाजूनं आत जात होती. बसवली तर चोच पुढे नाही, मागे. मी तडक फोन लावला.

"चाचा, मान उलटी बसतेय!"

"उलटी नाय. मागं बगतंय ते." आवाज आनंदी होता. "तुमच्या टबात पास झालेली सगळी खाडीत सोडली, सायेब. रोज सकाळी. पोरगा बोलला, लोक हसतात. एक दिवस वरून थवा चाललेला, तो वळला. उतरला!"

"आणि हे मागे का बघतंय?"

"थवा उतरला की एक तरी असा मागं बगतो. कोन राहिलं काय म्हनून." मग म्हणाले, "तुमची लीव्ह कधी?"

"जुलैत. थंडीत मुलीची शाळा असते ना."

"हां," चाचा म्हणाले.

मी टबातली बादली काढली, स्टँड काढला, पाणी भरलं. बदक सोडलं. जराही कललं नाही. पाण्यावर बसलं आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिलं.

"झालं का? बादली ठेवू परत?" बायकोनं दारातून विचारलं.

"आज राहू दे," मी म्हटलं.