हेल्मेट घालून बियर

आमच्या बियरच्या बाटल्या किती टिकल्या ते विचारू नका, किस्से मात्र ढीगभर उरले! मी, उदय आणि सगुण. गोव्यातल्या कारापूरला तिघांच्याही घरच्या, खाणीचा माल वाहणाऱ्या टिप्पर गाड्या खाणी बंद पडल्यापासून अंगणात उभ्या. रिकामा माणूस काय काय करतो! उदयने मोबाइलवर व्हिडिओ बघून घरी बियर करायचं ठरवलं.

निमित्त मोठं होतं. माझ्या बाबांनी गाडी विकायला एकदाचा होकार दिला होता. रविवारी दुपारी त्यांचे जुने ड्रायव्हर दोस्त आमच्याकडे जेवायला येणार आणि संध्याकाळी सावंतवाडीचं गिऱ्हाईक गाडी घेऊन जाणार. गाडी गंजत होती, तरी बाबा रोज तिचा आरसा पुसत. त्यांचं मन फिरू नये, एवढीच मला धास्ती.

आईला वेगळीच चिंता. "घरांत काजूचो उराक आसतना बियर कित्याक रे?"

*

बाटल्या भरल्या. उदयने प्रत्येकीत बेताची साखर घातली आणि आम्ही जेवायला गेलो. परत येऊन झाकणं ठोकली.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "काल तुमी जेवताले तेन्ना चाखून पळयली, कडू जाल्ली. म्हणून हांवें सगळ्यांत आनीक चमचो चमचो साखर घातली!"

उदयचा चेहरा उतरला. साखर जास्त झाली की आत गॅस वाढतो आणि बाटली फुटते.

"ओतून टाकूया," मी म्हटलं.

"आनी पावण्यांक कितें दितलो? सरबत?" उदय म्हणाला.

*

बाटल्या घरामागच्या दगडी खोलीत, गाडीच्या ताडपत्रीखाली ठेवल्या. मी रोज हेल्मेट घालून बघायला जायचो.

सगुण खो खो हसला. "बियर पळोवपाक हेल्मेट घालपी गोंयांत तूंच पयलो!"

रविवारी त्यालाच म्हटलं, जा, एक क्रेट घेऊन ये. दारापर्यंत गेला आणि परत आला. "हेल्मेट दी."

*

पहिली बाटली बाबांचे दोस्त शाणूमामा यांनी उघडली. फेस थेट मांडवाच्या छताला! भिजलेल्या मिशा पुसत ते म्हणाले, "ही बियर न्हय रे, तापिल्लो रेडिएटर!"

सगळे हसले. मी नाही. दगडी खोलीत अजून दोन क्रेट होते आणि ऊन डोक्यावर आलं होतं.

*

पूर्वी खाणीतले सुरुंग अशाच वेळी उडायचे.

धडाम! आणि त्याला लागून आणखी चार-पाच. बंद खोलीत आवाज थेट सुरुंगासारखा घुमला.

बाबा ताडकन उठले. "ब्लास्टिंग! खाण सुरू जाली रे! चावी खंय आसा?"

गाडीची बॅटरी कधीच मेलेली. बाबा केबिनमध्ये चढले आणि शाणूमामांसकट सगळे म्हातारे ग्लास खाली ठेवून गाडी ढकलायला लागले. उतारावर तिने आचका दिला, काळा धूर सोडला आणि चालू झाली!

उदय माझ्या कानाशी आला. "सांग तांकां."

"तूं सांग."

खोलीत आणखी एक बाटली फुटली.

"आनीक एक!" बाबा ओरडले, आणि त्यांनी जोरात हॉर्न दाबला.