धोंड्याच्या महिन्यातली सुई

आमच्या दाजींना सुई टोचायला कुणी आलं, की ते आधी त्यालाच खुर्ची द्यायचे. "बसा. थोडं ऐका, मग टोचा." माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, धुळ्याच्या देवपुरातले. त्यांचं रक्त लवकर गोठायचं नाही, जन्माचंच दुखणं. त्यावरचं शिरेतलं इंजेक्शन ते घरी स्वतः घेत. पण कमरेत किंवा दंडात सुई गेली, तर आतल्या आत रक्त साचायचं. हे आयुष्यभर प्रत्येकाला नव्यानं सांगायचं! ऐकून ऐकून मीच कंटाळले होते, तर त्यांचं काय होत असेल?

स्वतःचं इंजेक्शन मात्र अगदी सावकाश. फ्रिजमधल्या बाटलीचा गारवा जाऊ द्यायचे, नाव-तारीख मोठ्यानं वाचायचे, मग ताईलाही वाचायला लावायचे. औषध कालवताना बाटली खळखळ हलवायची नाही, तळहातांत हळूच फिरवायची. मी चिडवायची, "अहो दाजी, एवढ्यात माझा स्वयंपाक होतो!" ते म्हणत, "मेहुणीबाई, घाई तुम्ही करा. तुमचं रक्त गोठतं."

एकदा धोंड्याच्या महिन्यात दोघं आमच्या माहेरी पहूरला आले. जावयाला वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. माझ्या वडिलांची, आबांची, धावपळ विचारू नका. आणि ऐन जेवणाच्या दिवशी दाजींना ताप भरला. आबांनी गावातल्या डॉक्टरांना घरीच आणलं. "गोळीनं उतरेल, आबा. सुई नको," दाजी म्हणाले.

आबांना दाजींचं दुखणं नुसतं ऐकून माहीत होतं, सुईचं कारण नव्हे. त्यांचा चेहरा पडला. "जवाई माह्या दारात तापानं फणफणतो, अन् त्याले बिगर सुईचा ठेवू? लोकं काय म्हनतीन? आमच्या गावचा डॉक्टर तुमाले चालत नाही, असंच ना?"

त्या दिवशी दाजींनी डॉक्टरांना काहीच सांगितलं नाही. ताई स्वयंपाकघरातून धावत येईतो ते कुशीवर वळलेही होते. "द्या," एवढंच म्हणाले. नंतर मी भांडले, तर म्हणतात कसे, "बोलून बोलून थकलो गं. सासऱ्यांचं मन मोडवेना."

संध्याकाळपर्यंत कंबर-मांडी टम्म फुगली. जळगावच्या दवाखान्यात जीव वाचला, पण तो पाय कायमचा लुळा पडला. आबांना त्यांनी सांगितलं, "जुनंच दुखणं उलटलं." आम्हा बहिणींनाही गप्प बसवलं. दाजी आता नाहीत, तरी त्या चांगुलपणाचा मला अजून राग येतो.

पुढे, दाजी असतानाच, त्यांच्या मुलीला, माझ्या भाचीला, मुलगा झाला. हे दुखणं मुलीकडून तिच्या मुलात उतरतं. बाळाला तपासलं, तर तेच निघालं. देवपुरात बारसं होतं. म्हातारे आबा पणतूला मांडीवर घेऊन म्हणाले, "काही दुखलंखुपलं तर पहूरले आना रे. आपला डॉक्टर हाय."

दाजी कुबडी टेकत त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"आबा, माझा पाय त्या सुईनं गेला."

कुबडी बाजूला ठेवून ते पुढे म्हणाले,

"तुम्हाला लागेल म्हणून इतकी वर्षं बोललो नाही. मी निदान नको म्हणू शकत होतो. याला तेही येत नाही."

माय वं, मी बाळाला घ्यायला पुढे झाले. पण आबांनी त्याला सोडलं नाही. त्याचं दुपटं सारखं करत म्हणाले, "तवाच सांगायचं व्हतं, जवाई." मग डोळे पुसले. "आता सांगा. डॉक्टरले काय म्हनू?"

आणि थकलेल्या दाजींनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.