गव्हाचा कायमचा उपास

गेल्या एकादशीला आम्ही सायखेड्याला होतो, माझ्या सासरी. आणि नेहमीप्रमाणे मी माझा डबा नाशिकहून घेऊन गेले होते... घरात दहा-बारा माणसांचा स्वयंपाक होतोय आणि थोरली सून कोपऱ्यात बसून स्वतःचा डबा उघडतेय. काय दिसत असेल ते!

तर झालं असं की मला सिलिअ‍ॅक आहे. गव्हातलं ग्लुटेन माझ्या आतड्याला चालत नाही, अगदी कणभरही. कित्येक वर्षं पोट फुगायचं, हिमोग्लोबिन वर यायचं नाव घ्यायचं नाही, आणि मी आपली 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणून ओवा चघळत बसायचे. गेल्या वर्षी एंडोस्कोपी झाली आणि पोळी, शिरा, शेवया, सगळ्यांना एका दिवसात रामराम.

मिसळीचं तर विचारूच नका. नाशिकमध्ये राहायचं आणि पावाकडे नुसतं बघायचं...

तरी सुरुवातीला मी निवांत होते. आपण भाकरीची माणसं, आपल्याला काय अवघड? पण महिने गेले तरी रिपोर्ट सुधारेना. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, ज्वारी दळता कुठे? कोपऱ्यावरच्या गिरणीत, अजून कुठे! आधी कुणाचे तरी गहू, त्यावर माझी ज्वारी. म्हणजे भाकरीतून रोज थोडा गहू पोटात जातच होता. मग घरघंटी घेतली, तिच्यात गव्हाला बंदी केली, आणि तेव्हापासून रक्तातल्या अँटिबॉडींचे आकडे हळूहळू उतरायला लागले.

नाशिकरोडच्या घरात गाडी अशी रुळावर आली. सायखेड्यात मात्र सासूबाई काही ऐकेनात. "एवढ्याशा पिठानं काय व्हतंय?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की विचारू नका. नवऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, मी आतड्याचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी चित्र नीट बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्यात कुणाला असलं काय नव्हतं."

एकदा भिडेखातर त्यांच्या हातची भाकरी खाल्ली. गव्हाची कणीक मळायच्या परातीतच थापलेली... आठवडाभर आडवी झाले. पुढच्या वेळी मी नको म्हटलं, तर त्यांनी माझ्या मावससासूंना फोनवर सांगितलं, "ती माझ्या हातचं खात नाय आता." मी शेजारच्या खोलीतच होते. ते वाक्य मला फार लागलं. कारण लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता यायची नाही, तर ह्याच बाईने कुणाला कळू न देता माझ्या वाटच्या भाकऱ्या थापल्या होत्या. त्यांच्या हातचं नको असं मला कसं वाटेल?

तर एकादशी. एका पातेल्यात मुलांसाठी मटकीची उसळ, दुसऱ्यात उपासाची भगर. मी उसळ हलवत होते, आणि बोलण्याच्या नादात तोच डाव भगरीकडे नेला. आई, म्हणजे सासूबाई, केवढ्याने ओरडल्या!

"आगं थांब! उसळीचा डाव हाय तो, उपास मोडंल सगळ्यांचा!"

मी डाव हातात धरून तशीच उभी. आणि मग तोंडातून आपोआप आलं... "आई, माझंही असंच आहे. गव्हाचा उपास आहे मला. कायमचा."

त्यांनी माझ्या हातातला डाव काढून घेतला. मग म्हणाल्या, "म्हंजी गव्हावरचं दळण चालत नाय?"

नाही.

"पोळीचा हात लागलेलं?"

तेही नाही.

"मंग हे आधी नाय का सांगायचं!"

आता बोला! वर्षभर मी काय सांगत होते? हसावं की रडावं कळेना. पण खरंच, उपासाच्या पिठासाठी गिरणी झाडून-पुसून घ्यायला लावणारी ही बाई. उपासाचं तेल वेगळं, भांडी वेगळ्या फळीवर, त्यात धान्याचा एक दाणा पडला तरी सगळं बाद. आतड्याच्या चित्रातून त्यांना जे कळलं नाही, ते एका डावाने कळलं.

ह्या रविवारी पुन्हा गेलो. आईंनी फोनवर बजावलं होतं की डबा आणायचा नाही, फक्त घरघंटीचं पीठ आण. उपासाच्या भांड्यांच्या फळीवर माझ्यासाठी कोरी परात आणि नवा तवा ठेवलेला. माझी भाकरी होईपर्यंत धाकट्या जावेला कणीक मळायला मनाई. माझ्या नवऱ्याने पोळी खाता खाता लोणच्याच्या बरणीत हात घातला, तर एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमध्ये माणसांवर देखरेख करणाऱ्या त्या गृहस्थाला पोरांसमोर अशी बोलणी बसली की बस्स... ती बरणी बाद, माझ्यासाठी दुसरी काढली.

मी सगळ्यांबरोबर पंगतीत बसले. आईंनी तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात टाकली आणि मी पहिला घास घेईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. भाकरी गरम होती, वाफ डोळ्यांत गेली असं मी म्हटलं. कुणाला पटलं नसावं.

आजाराचं नाव आईंना अजून घेता येत नाही. शेजारच्या काकू 'पुरणपोळी का नाही खात?' म्हणून विचारायला लागल्या, तर आईंचं उत्तर तयार. "तिचा उपास लय कडक हाय, आग्रह करू नका."

आज चौथा दिवस, पोट एकदम शांत आहे. पुढचा रिपोर्ट अजून यायचाय आणि तो चांगला येईल असं मला पहिल्यांदाच मनापासून वाटतंय. पण खरं सांगू, त्या दिवशी आईंनी विचारलं, "अजून एक टाकू का?" आणि वर्षभर त्या घरात 'नको' म्हणणारी मी ताट पुढे करून म्हणाले, "टाका ना आई..."