अर्ध्या तासाची कॉफी
इथे जपानात स्टेशनजवळच्या कोंबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, कॉफीचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. इचिकावा गावातल्या आमच्या घरी एकदा यांचे ऑफिसातले साहेब जेवायला आले होते. अमेरिकेतल्या कुणाच्या तरी रानात स्वतः धनुष्यबाणाने मारलेल्या हरणाचा फोटो फोनवर दाखवत होते. "वहिनी, बाण लागला की ते पळत सुटतं, पण लगेच मागे जायचं नाही. अर्धा तास थांबायचं, मग ते कुठेतरी मरून पडलेलं सापडतं." मी पाहुण्यांशी बोलत नाही, पण विचारलं, "तेवढा वेळ तुम्ही काय करता?" "गाडीत बसून गरम कॉफी," साहेब हसले. हेही हसले आणि मला म्हणाले, "अगं, आपल्याकडची पण पाज त्यांना." मी जागची हलले नाही. म्हटलं, "अर्धा तास थांबा." मग कुणी हसलं नाही. साहेबांचं सोडा, पण यांच्या त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.