फेल टेस्ट आणि सावरगावचा लॅपटॉप

"सर, दोष सावरगावच्या लॅपटॉपचा आहे," असं मी कॉलवर बोलून मोकळा झालो. आठ जण ऐकत होते. त्यात वैशालीही होती. लॅपटॉप तिचाच.

मी पांढुर्ण्यात घरून काम करतो. आमची टीम एक लायब्ररी सांभाळते, म्हणजे इतर प्रोग्रॅमर्सनी आयता वापरायचा कोड. त्यात बदल केला की टेस्ट चालवायच्या. जुनं काही मोडलं नाही ना, एवढंच त्या बघतात. माझं मशीन लिनक्सवर चालतं, तिथे सगळ्या पास; वैशालीचं विंडोजवर, तिथे चार फेल. ती प्रोबेशनवर होती. तिला कायम करायचं की नाही, हे सर त्याच आठवड्यात ठरवणार होते. मला ते ठाऊक होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार होते. जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. बाकी वर्षभर आम्ही तोंडाने फेकतो. "सावरगाववाल्यांचं असंच राहते, सर," असंही मी वर जोडलं. सर नागपूरचे. हसले.

कॉलनंतर वैशालीचा फोन आला.

"दादा, माहा मेल वाचला का? परवाच टाकला होता."

"कामात होतो. तू आधी मशीन फॉरमॅट कर."

"दोनदा केलं नं! फाईल डिलीटच नाही होऊन राहिली. आपल्या कोडनं ती उघडीच ठेवली आहे."

मग मेल उघडला. दोनच ओळी. विंडोज उघडी फाईल पुसू देत नाही, लिनक्स मुकाट्याने देतो. पुढे कोडमधल्या ओळीचा नंबर. ते फंक्शन माझं होतं, दोन वर्षांपूर्वीचं. फाईल उघडली होती, बंद करायचं राहिलं होतं. एक ओळ घातली आणि तिच्याकडे चारही टेस्ट पास झाल्या. माझे कान तापले.

सरांना लगेच फोन लावला.

"सर, चूक माझी होती. ती बरोबर होती."

"बरं झालं सांगितलं."

वैशाली कायम झाली. मी अभिनंदनाचा फोन केला.

"सरांना सांगितलं ते चांगलं केलं, दादा," ती म्हणाली. "पण बाकीचे सहा जण अजून विचारून राहिले, लॅपटॉप बदलला का म्हणून."

आपल्या मशीनवर पास म्हणजे आपण बरोबर, असं नसतं. आता मी दोन्हीकडे टेस्ट चालवतो. त्या सहा जणांना मात्र अजून काही सांगितलेलं नाही. दर सोमवारी कॉल असतो. दर सोमवारी लाज वाटते, आणि मी म्यूटवर असतो.