आधी पोरं, मग सगुणाबाई

"इन्सुलिनचं पेन मी बदललं न्हाई आत्याबाई, डॉक्टरनं बदललं!"

"डॉक्टर बसलाय सेलूत. तिथून औषधाची पिशवी कुणी आणली? तूच ना?"

सगुणाबाईनं सुनेकडं, सुकेशनीकडं, असं पाहिलं, जसं ती तांदळातले खडे बघते. वालूरच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवता शिजवता तिचे केस पिकले. नवरा गेला, लेकाचं लग्न झालं, शुगर निघाली, इन्सुलिन लागलं, पण पळी तिनं कुणाच्या हाती दिली नाही. आणि काल त्याच पातेल्यापाशी ती घामानं निथळत खाली बसली. हातपाय लटपटत होते. मास्तरीणबाईंनी तोंडात साखर कोंबली, तेव्हा डोळे उघडले.

"जुन्या औषधानं असं कधी झालं का गं? ही नवी सुई आली अन् मी आडवी! मी आडवी झाले की पळी कुणाच्या हातात? हेडमास्तरला माझ्या जागेचं विचारून आलीस म्हणं."

सुकेशनीची मान खाली गेली. "विचारलं. तुमी थकल्यावरचं विचारलं."

"बघ! निघालं ना तोंडातून?"

"निघालं. पण काल सुई कधी टोचली, ते सांगा."

"रोजच्यासारखी. पातेलं उतरलं की."

"अन् जेवलात कधी?"

"जेवते कशाची? पोरांना वाढतानाच पडले की! पोरांच्या आधी घास घेत न्हाई मी."

लहानपणी सगुणाबाई शेतमालकाच्या दारात उपाशीपोटी, जेवणाऱ्यांच्या तोंडाकडं बघत बसलेली होती. ते बसणं ती विसरली नव्हती.

"जुनं औषध सावकाश चढायचं," सुकेशनी म्हणाली. "अर्धा तास आधी घ्यायचं, तवर तुमचं वाढणं व्हायचं. हे लगेच पळायला लागतंय. ताट पुढ्यात घेऊनच टोचायचं. पहिल्याच दिवशी सांगितलं की मी!"

"तू सांगितलं म्हणूनच ऐकलं न्हाई."

सुकेशनीनं भाकरी-पिठलं डब्यात भरलं आणि पुढं सरकवलं. सगुणाबाईनं झाकण काढलं, वास घेतला, भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवला.

"आधी तू खा."

सुकेशनीनं सासूच्या डोळ्यात डोळे घालून तो चावला, गिळला. "झालं? मेले न्हाई अजून."

सगुणाबाईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग डबा पिशवीत टाकला, वर पेन ठेवलं.

"आत्याबाई, आज पोरांच्या आधी जेवताल ना?"

सगुणाबाईनं पदर खोचला, कोपऱ्यातली पळी उचलली आणि उंबरा ओलांडला.